बाळंतिणीच्या पाण्याचं लाकूड

आमच्या घरी भर उन्हाळ्यात पहाटे बंब पेटायचा, हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. ब्रह्मपुरीकडचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला हसू येणारच. आमच्याकडे चैत्र निम्मा सरला की विहिरीवरून आणलेली घागर पडवीच्या सावलीत ठेवली तरी दुपारी तिचं पाणी घशाला गार लागत नाही. मग पाणी तापवायचं कशाला? त्याचं कारण माझी मोठी बहीण शोभाताई. त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मोहाची फुलं पडायला लागली त्याच सुमाराला तिला मुलगी झाली, आणि आमच्या घरात दोन वेळचं कडकडीत पाणी सुरू झालं. सकाळी उजाडताना एकदा आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आधी एकदा. सवा महिना. त्यात खंड पडायला नको, पाणी कोमट असायला नको, आणि ते विस्तवावरच तापलेलं पाहिजे.

हा नियम आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. विधवा होऊन परत आल्या तेव्हा सासरहून त्यांनी एकच वस्तू आणली होती, तो तांब्याचा बंब. कमरेइतका उंच, पोटात नळीसारखी भट्टी, खाली राख पडायची जाळी, बाजूला पितळेची तोटी. त्याला चिंचेने घासायचं काम त्या दुसऱ्या कोणाला देत नसत. त्यांची दोन्ही बाळंतपणं सासरी झाली होती आणि दोन्ही मुलं गेली होती. त्याचं कारण त्यांच्या मते एकच होतं. "मले कोमट पान्यानं न्हाऊ घातलं वं. लाकूड वाचवत होते मेले," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना बंबाच्या अंगावर हात फिरवायच्या. म्हणून त्यांच्या नियमांची चेष्टा करणं मला तेव्हाही जमलं नाही आणि आताही जमत नाही. पण त्या नियमांमध्ये एक असा होता की त्याने आमचं घर फाडलं. बाळंतिणीच्या पाण्याचं लाकूड विकत आणायचं नाही आणि गड्यानं, म्हणजे पुरुषाने, आणायचं नाही. माहेरच्या बाईने जंगलातून डोक्यावर आणायचं. ही रीत गावाची होती, घराची होती की एकट्या आत्याबाईंची, ते मला अजून कळलेलं नाही. गावात दुसऱ्या कोणाकडे पाळलेली मी पाहिली नाही.

बाबा लाकडाच्या डेपोत मापारी होते. ओंडक्याचा घेर आणि लांबी सांगितली की ते जागच्या जागी त्याचे घनफूट सांगायचे. रस्त्याने जाताना झाडाकडे बघूनही त्यांच्या तोंडून आकडा निघायचा आणि मी तो पाठ करायची. मोजण्याची सवय मला त्यांच्याकडून आली, ती मी आनंदाने मान्य करते. डेपोत डोंगराएवढी लाकडं रचलेली असायची, पण त्यातलं सालपटसुद्धा बाबांनी कधी घरी आणलं नाही. कोणी नजराणा म्हणून फाटी आणून टाकली तर ती परत नेऊन टाकायला लावायचे. बाहेर इतका स्वच्छ माणूस घरात आल्यावर चप्पल काढायच्या आधी आईवर हात टाकायचा. भाजी अळणी म्हणून, वासरू सुटलं म्हणून, दाराची कडी घालायला उशीर झाला म्हणून. आवाज ठरलेले होते. आधी भांडं पडायचं, मग आईच्या काकणांचा आवाज, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' सगळ्यात लांब असायचं. आई रडत नसे. उठून पदर सारखा करायची आणि चुलीपुढे बसायची. आत्याबाई "पुरे रे बापू" एवढं म्हणायच्या, तेही मारून झाल्यावर.

बाळंतपण सुरू झालं तसं सगळ्या घराचं लक्ष बंबावर आलं. बंबात तीन बादल्या पाणी मावायचं. विहिरीचं पहाटेचं पाणी त्यात भरून कडकडीत करायला किती लाकूड लागतं हे मी पहिल्याच आठवड्यात तराजूवर तोललं, कारण आई एक दिवसाआड जंगलात जात होती आणि तिच्या मानेला सूज आली होती. एका वेळेला चार किलोच्या वर धावड्याचं लाकूड लागत होतं. दोन वेळचे धरून नऊ. आईच्या डोक्यावरची मोळी दोन दिवसही पुरत नव्हती. म्हणून तिला पुन्हा जावं लागायचं, आणि दिवस मोहफुलाचे होते. मोहफुलाच्या दिवसांत आमच्या भागात जंगलात कोण असतं ते लहान पोरालाही माहीत असतं. पहाटे माणूस फुलं वेचायला जातो आणि अस्वलही त्याच झाडाखाली येतं. फुलं खाऊन ते सुस्तावतं, वारुळाआड झोपतं, आणि त्याला उठवलं की ते पळत नाही. वाघ एक वेळ बाजूने निघून जातो. अस्वल तोंडावर येतं.

मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. दुपारी ताईची मुलगी मांडीवर घेऊन मी अंगणात बघत बसायची. अंगणाच्या दक्षिण भिंतीशी एक पत्र्याचा पिंप होता, गुराच्या पाण्याचा. गाय दुपारी त्यात तोंड घालायची आणि झटक्याने मागे घ्यायची. एक दिवस मी हात बुडवला. बोटं आत ठेवून पाच म्हणेपर्यंत काढावी लागली. मग माझ्या डोक्यात जे आलं ते काही फार मोठं नव्हतं. पाणी गार असताना बंब पेटवण्यापेक्षा आधीच तापलेलं पाणी बंबात भरलं तर विस्तवाला काम उरेल ते थोडंसं. मी पिंप घासून धुतला, बाहेरून चुलीची काजळी तेलात कालवून फासली, वर खिडकीची तडकलेली काच ठेवली. बंबाची भट्टीही आतून खरवडली, कारण नळीला बोटभर काजळी धरली होती आणि आग पाण्याला लागायच्या ऐवजी वर निघून जात होती. संध्याकाळचं पाणी पिंपातून बंबात. सकाळच्या पाण्यासाठी संध्याकाळीच बंब भरून ठेवायचा आणि आत्याबाई निजल्या की त्याच्याभोवती धानाची तणस गच्च बांधून वर पोतं टाकायचं. पहाटे ते पाणी कोमटाच्या बरंच वर असायचं. मग चार काड्या लावल्या की वाफा येत.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अन् आत्याबाईले?"

"सांगायचं कायले? विस्तव तर आपन लावूनच राह्यलो नं."

आई पहिल्यांदा हसली. "मोठी मास्तरीन झाली," म्हणाली. दोन वेळचं लाकूड नऊ किलोवरून साडेतीनवर आलं. एक मोळी पाच दिवस पुरायला लागली. ताईला न्हाऊ घालताना आत्याबाई स्वतः पाण्यात बोट बुडवून बघायच्या, आणि पाणी त्यांना हवं तसंच असायचं. आईच्या मानेची सूज उतरली. त्या दिवसांत तिने एकदा दुपारी झोप काढली. ती भरदुपारी झोपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता मी ब्रह्मपुरीत स्वतःच्या घरात राहते. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सौर बंब आहे, आणि उन्हाळ्यात त्यातल्या निम्म्या नळ्या मी पोत्याने झाकून ठेवते, नाहीतर नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही. शेजारी लोक मे महिन्यातही विजेचा गीझर लावतात तेव्हा मी जाऊन सांगते, अहो, टाकीतलं दुपारचं पाणीच गीझरात घ्या, काटा खाली आणा, गरम पाण्याची नळी उघडी असेल तर तिला काहीतरी गुंडाळा, पाणी आधीच अर्ध्या वाटेवर आहे. ते म्हणतात, मॅडमला वीजबिलाची फार काळजी. मला विजेची काळजी नाही. ज्याने एकदा लाकूड तोलून पाहिलं आणि ते कुठून येतं ते पाहिलं, त्याला फुकट जाळलेला विस्तव सहन होत नाही, एवढंच.

लाकूड वाचलं आणि त्यामुळेच आई पकडली गेली. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण लाकडाची रास किती दिवसांत किती खाली यायला पाहिजे हे त्यांना नजरेने कळत होतं. एका संध्याकाळी त्यांनी राशीजवळ उभं राहून मला विचारलं, "कुंदे, हे लाकूड सरून काऊन नाई राह्यलं?" मी म्हणाले, धावडा चांगला आहे, हळू जळतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्या नाहीत. पिंपावरची काच बाजूला करून त्यांनी हात घातला, आणि आईने बंबात पाणी ओतलं तेव्हा त्या मागे उभ्या होत्या.

बाबा डेपोतून आले तेव्हा बंब पेटलेला होता. आत्याबाई ओट्यावर बसून रडत होत्या. खरंच रडत होत्या, त्यात सोंग नव्हतं. "बापू, हे पोरीले उनाचं पानी घालून राह्यली रे. ढोराच्या पिंपातलं. मले घातलं तसंच. लेकरू जाईन रे हे बी."

बाबांनी आईला विचारलं, "खरं हाये?"

आई म्हणाली, "विस्तवावर तापवूनच देतो जी. आधी उनात—"

पुढचं तिला बोलता आलं नाही. बाबांनी पिंपाला लाथ मारली. तो आडवा झाला आणि पाणी सगळ्या अंगणभर गेलं, त्याची वाफ निघाली. मग त्यांनी बंबाच्या तोंडातून जळतं लाकूड ओढलं. त्याचं पुढचं टोक लाल होतं. आई वळली होती, म्हणून ते पाठीवर बसलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. लुगड्याला भोकं पडली. जळल्याचा वास आला, आणि तो कापडाचा किती आणि कातडीचा किती हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मी मध्ये गेले तर उलट्या हाताची माझ्या कानावर बसली आणि सगळे आवाज लांब गेले. आत खोलीत ताईची मुलगी रडत असणार, कारण ताई दारात उभी राहून तिला हलवत होती, पण मला ऐकू येत नव्हतं. बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून बघत होती.

बाबांनी लाकूड परत बंबात घातलं. तेही त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. म्हणाले, "उद्यापासून विहिरीचं पानी. लाकूड कमी पडलं तर रोज जाजो."

कोणी म्हणेल, पोरीने आपला शहाणपणा केला नसता तर हे झालं नसतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि तो दोष मी घेत नाही. पाणी तापवायचा माझा हिशेब बरोबर होता.

उरलेली रास आता फार दिवस पुरणार नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आई फुलाबाईसोबत गेली. फुलाबाई आमच्या गावाशेजारच्या गोंड टोल्यावरची, आईच्या वयाची, मोहफुलं वेचायला रोज जायची. पुढचं सगळं तिनेच सांगितलेलं आहे. जवळच्या काड्या संपल्या होत्या म्हणून आई नाल्यापलीकडे गेली. पाठीला लुगडं चिकटलं होतं, त्यामुळे ती नीट वाकू शकत नव्हती, गुडघे मोडून बसत होती. एका वारुळामागे धावड्याची वाळलेली फांदी अडकली होती. ती तिने ओढली. निघाली नाही म्हणून पुन्हा ओढली, तेव्हा हातात आली. वारुळामागून अस्वल उठलं, त्याच्या पाठीवर पिल्लू होतं. उभं राहिलं ते माणसाएवढं. आईने हातातली फांदी पुढे धरली, तेवढंच. पहिल्या पंज्यात ती फांदी गेली आणि आईचा डावा डोळा गेला. ती खाली पडली तसं ते तिच्यावर बसलं. फुलाबाई ओरडत आली आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याच्या पाठीत मारू लागली. "मी त्याले मारलं, मारलं, त्याले काई वाटूनच नाई राह्यलं वं पोरी. जसं पोत्यावर मारत होतो." मोह वेचणारी माणसं जाळ घेऊन धावत आली तेव्हा अस्वल उठलं, दहा पावलं गेलं, परत आलं, आईच्या डोक्याला आणखी एकदा तोंड घातलं, आणि मग गेलं.

आईला बाजेवर घालून आणलं. गावाच्या वेशीशी मी पोचले तेव्हा बाजेच्या सुंभातून रक्त गळत होतं आणि मागे धुळीत त्याची रेघ पडली होती. डोक्याची कातडी केसांसकट मागे लोंबत होती. एक गाल उघडा पडून आतले दात दिसत होते. ज्या बाजूला डोळा होता तिकडे मी पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. ती शुद्धीवर होती. तिने हात हलवला, मी तो धरला, तो विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. त्या उन्हात.

बाबा डेपोतून अनवाणी पळत आले. हे मी लिहिते, कारण ते खरं आहे. त्यांनी अंगातला सदरा काढून आईचं डोकं स्वतःच्या हाताने बांधलं, जीपमध्ये तिला मांडीवर घेतलं, आणि ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून पुढे चंद्रपूरपर्यंत ते तसेच उघड्या अंगाने गेले. जीपमध्ये सोबत गेलेली फुलाबाई म्हणाली, रस्ताभर ते लहान पोरासारखे रडत होते. मी त्या रडण्याला खोटं म्हणत नाही. पण त्याला कशात मिळवायचं आणि कशातून वजा करायचं, ते मला आजपर्यंत जमलेलं नाही.

बाबा परत आले तेव्हा आई वाचणार हे नक्की झालं होतं आणि घरातलं लाकूड संपलं होतं. त्या सकाळी शेवटच्या फाट्यांवर बंब उकळत होता. आत्याबाई ताईच्या न्हाणीची तयारी करत होत्या, निमाचा पाला पाण्यात टाकून. बाबांनी खुंटीवरची दोरी काढली, चुंबळ काढली, आणि दोन्ही माझ्यापुढे टाकलं. आवाज चढलेला नव्हता.

"कुंदे, उद्यापासून तुले जा लागते. नाल्याच्या अलीकडंच. पलीकडं पाय नाई ठेवायचा."

मी म्हणाले, "बाबा, डेपोतल्या चार ढलप्या आना नं."

"डेपोचं लाकूड माह्या बापाचं नाई."

"मंग तुमी जा."

आत्याबाई म्हणाल्या, "गड्यानं आनलेलं चालत नाई, बाई. आता थोडे दिवस राह्यले. तुह्या बहिनीसाठीच तर हाये."

"कोनासाठी?" हा आवाज ताईचा होता. ती दारात उभी होती. मुलगी तिने आत ठेवली असावी, कारण हात मोकळे होते. डोक्याला फडकं बांधलेलं, कानात कापूस.

"तुह्यासाठी नं, माय. आत जा, वारा लागन."

"माह्यासाठी आईचा डोळा गेला. आता हिचा कोनता जाते?"

आणि तिने उंबरा ओलांडला. पडवीत कुऱ्हाड टेकवून ठेवलेली असायची, ती उचलली. कोणाला वाटलं नाही ती काय करणार आहे. मलाही नाही. ती सरळ बंबाकडे गेली. पहिला घाव तांब्यावरून निसटला, देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला. दुसरा सांध्यावर बसला आणि शिवण उसवली. तिसऱ्या घावाला बंब पोटातून फाटला. तीन बादल्या उकळतं पाणी विस्तवावर, राखेवर आणि ताईच्या पायांवर आलं. मोठा फुसकारा झाला, अंगण पांढरं झालं, काही दिसेना. त्या वाफेत घाव ऐकू येत होते. ती थांबली नाही. भट्टीची नळी आडवी होईपर्यंत ती मारत राहिली.

वाफ गेली तेव्हा बाबा तिच्यासमोर उभे होते. त्यांच्याही पायावर पाणी उडालं होतं. त्यांनी जमिनीवरचं लाकूड उचललं होतं, त्याचं टोक पाण्याने विझून चुरचुरत होतं. ताईने कुऱ्हाड खांद्याच्या वर धरली होती. तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते आणि त्यांवर फोड येताना दिसत होते.

"हाना," ती म्हणाली. "ओल्या बाळंतिनीले हाना. मी बी हानतो."

कुंपणावर शेजारची माणसं आली होती. बाबा लाकूड धरून उभे राहिले, तिच्या हातातल्या पात्याकडे बघत, आणि मग त्यांनी ते टाकलं. टाकलं म्हणजे हातातून सुटल्यासारखं टाकलं. ते बाहेर निघून गेले. आत्याबाई खाली बसल्या होत्या. त्या फाटलेल्या तांब्याचा एक तुकडा ओढून पदरात घेत होत्या. तो तापलेला होता, त्यांची बोटं भाजत होती, तरी त्या सोडत नव्हत्या. ताईने कुऱ्हाड टाकली आणि त्यांच्या मुठीतून तो तुकडा सोडवून घेतला. मग दोघी तिथेच ओल्या राखेत बसून रडल्या.

त्या दुपारी मी पिंप उभा केला, विहिरीचं पाणी भरलं, काच ठेवली. दिवस कलल्यावर ताईने त्या पाण्याने न्हाऊन घेतलं, पाय बाहेर ठेवून. आत्याबाईंनी तोंड फिरवून घेतलं, पण बाळाच्या अंगाला तेल त्यांनीच लावलं. सवा महिन्यातले उरलेले सगळे दिवस असंच चाललं. ताईला वात झाला नाही. मुलीला काही झालं नाही. ती मुलगी आता नागपूरला नोकरी करते आणि तिलाच दोन मुलं आहेत.

आई परत आली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. चेहऱ्याची डावी बाजू शिवलेली, ओठ एका बाजूने ओढलेला, डोक्यावर केसांचा एकच पट्टा. बोलणं कळायला कान द्यावा लागायचा. डोक्याला पाणी लावायची परवानगी नव्हती, अंग धुवायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि फुलाबाईने तिला न्हाणीत नेलं. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी तट्ट्यांचा आडोसा, वर आभाळ. बाहेर बाबा बाजेवर बसले होते, आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. बाबा घरी असले तरी आता फारसं बोलत नसत. ताईशी तर त्यांचा शब्द बंद झाला होता. त्या दिवशी मात्र ते तट्ट्याकडे न बघता म्हणाले, "पावसाच्या आधी लाकूड भरून ठेवा लागते. अंगात जोर आला का फुलाबाईसंगं हळूहळू जाजो म्हनाव. आता मोह सरले, अस्वल नसते."

आत आईने लुगडं कमरेपर्यंत खाली केलं आणि आमच्याकडे पाठ केली. खांद्यापासून दंडापर्यंत पंज्याच्या खुणा होत्या, चार-चार रेघा जोडीने, खोल, गुलाबी. आणि त्यांच्या खाली कमरेच्या वर आडवे तीन पट्टे, रुंद, काळपट, कडा गोळा झालेले.

फुलाबाई म्हणाली, "अवं माय, पाठ बी नाई सोडली त्यानं."

आईने हात मागे नेला. बोट हळूहळू खाली सरकलं आणि त्या आडव्या पट्ट्यांवर थांबलं. "हे त्याचे नाई," ती म्हणाली. शिवलेल्या तोंडाने, पण मोठ्याने. बाहेर तांदूळ निवडायचा आवाज थांबला.

फुलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिला काय ते कळलं.

मग आई तट्ट्याच्या दिशेने बोलली. बाबांशी ती तोंड वर करून बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. "मी जंगलाले भेत नाई जी. अस्वल मले एकदाच भेटलं."

बाजेचा आवाज झाला. पावलं पडवीकडे गेली. खुंटीवरून दोरी काढल्याचं मला कळलं, कारण त्या खुंटीला अडकवलेली विळी खाली पडली. फाटक उघडलं आणि लागलं. त्या वर्षी पावसाळ्याचं लाकूड बाबांनी आणलं, बायकांसारखं डोक्यावर घेऊन, गावासमोरून, रोज थोडं थोडं. आत्याबाईंनी ते चालतं की चालत नाही, काही म्हटलं नाही.

पण ते पुढचं. त्या दुपारी फाटक लागल्यावर आम्ही तिघी तशाच उभ्या होतो. मी पिंपातून भरलेला पहिला तांब्या आईच्या खांद्यावर ओतला. ती एकदम आखडली.

"लय कडक हाये वं पोरी," ती म्हणाली. "विसन टाक."

मी विहिरीच्या पाण्याची घागर वाकडी केली आणि पिंपातलं पाणी बेताचं केलं.